हैबतीचे दात आणि श्रुतीचे कान

दगडसांगवीत सकाळ कोंबड्यानं होत नसे, नळाच्या शिट्टीनं होत असे.

गावाला पाणी एक दिवसाआड यायचं, सकाळी सहाला. टेकडीवरच्या टाकीतून गावात उतरणारी पाइप मधल्या वेळात रिकामी पडलेली असायची. रिकामी असं आपण म्हणतो; खरं तर ती हवेनं गच्च भरलेली असते. एक रिकामा तांब्या उपडा करून बादलीत दाबून पाहा, हवा आपली जागा किती हट्टानं धरून बसते ते हाताला कळेल. टाकीवरून पाणी सुटलं की ते या हवेला पुढं रेटत यायचं, आणि हवा वाट सापडेल तिथून, म्हणजे उघड्या नळातून, शिट्टी मारत पळायची. त्यामुळे गावातली प्रत्येक बाई आदल्या सांजेला नळ पुरता उघडून ठेवायची आणि त्याखाली हंडा लावायची. नळ ‘सूंऽऽ’ करून ओरडला की घर उठायचं.

नळ बंद ठेवणारं घर गावात एकही नव्हतं. कोण ठेवील? आपला नळ बंद, शेजारणीचा उघडा, म्हणजे पाणी आधी तिच्या दारात. हा हिशेब दगडसांगवीतल्या लेकराला पाढ्यांच्या आधी यायचा.

पाणी सोडायचं काम हैबती वाघमोडे याचं. नाव हैबती, आडनाव वाघमोडे, आणि माणूस असा की मांजर आडवं गेलं तर हाच थांबून त्याला वाट देई. सव्वीस वर्षं त्याच्या खांद्यावर एक लोखंडी चावी होती. छातीइतकी उंच, खालच्या टोकाला व्हॉल्व्हवर बसणारी खोबण आणि वरती आडवी लाकडी मूठ. कुठल्या आळीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. मधल्या आळीला पाच, शाळेच्या आळीला साडेतीन, खालच्या आळीला सहा. सगळं हैबतीच्या मनगटात होतं.

त्याची एक लकब गावाला ठाऊक होती. चावीचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाकून लाकडी मूठ दातात धरायची आणि डोळे मिटायचे. पोरांना वाटे, तात्या पाण्याची चव घेतोय. म्हाताऱ्यांना वाटे, काहीतरी नेम असेल. खरी गोष्ट अशी होती की, गेल्या चार वर्षांत हैबतीचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते.

आता बहिरा माणूस दातांनी कसं ऐकेल? ज्याला नवल वाटेल त्यानं दोन्ही कानांत बोटं घट्ट घालून पापड खाऊन बघावा. बाहेरची बोलणी बंद होतील, पण पापड डोक्यात असा कडाडेल की दचकायला होईल. कारण आवाज कानात शिरायला दोन वाटा आहेत. एक हवेची, कानाच्या भोकातून. दुसरी हाडांची, दातावरून जबड्यात आणि जबड्यावरून थेट आतल्या कानात. हैबतीची पहिली वाट बुजली होती, दुसरी शाबूत होती. पाइपातलं पाणी चावीवर चढायचं, चावीतून दातात उतरायचं, आणि तो मनाशी म्हणायचा, "चाललंय बेस."

मात्र दात सगळीकडे पोचत नाहीत. पूर्वी तो निवांत वेळी आळीआळीनं फिरायचा आणि जमिनीखाली कुठं फुसफुस आहे का ते कानानं टिपायचा. ते फिरणं थांबलं होतं. व्हॉल्व्हपासून लांबची गळती दाताला कळत नसे, कारण प्लॅस्टिकची पाइप वाटेतच आवाज गिळून टाकते.

हे सगळं फक्त त्याच्या बायकोला, तान्हाबाईला माहीत होतं. निदान हैबतीची तशी समजूत होती. "बहिऱ्याच्या हातात गावाचं पाणी कोण ठेवील?" एवढी एकच धास्ती त्याला होती. आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती: अलीकडे गावातली माणसं तोंड फार मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली होती. शिक्षणाचा परिणाम असावा, असं त्याला वाटे.

सन दोन हजार एकोणचाळीसच्या मार्गशीर्षात गावात श्रुती आली.

तिला घेऊन आलेल्या इंजिनिअर बाईंचं नाव अश्लेषा सोनवणे. वय तिशीच्या आत, पायात धुळीनं माखलेले बूट, आणि कुठलीही गोष्ट समजावून सांगायची हौस दांडगी. पंचायतीसमोर सगळा गाव जमला तेव्हा त्यांनी खोक्यातून लिंबाएवढी एक डबी काढली.

"हा श्रुतीचा एक कान. असे साठ कान आपण तुमच्या पाइपांवर बसवलेत. पाइप कुठं फुटली की पाणी फुसफुसतं. ती फुसफुस पाण्यातून दोन्हीकडे धावते, आणि हवेतल्या आवाजाहूनही जास्त वेगानं धावते. आता गंमत दाखवते. दहा जण हात धरून ओळीत उभे राहा."

सरपंच इंद्रजित घुले सगळ्यांत आधी उभे राहिले, कारण फोटो निघत होता. ओळ झाली. अश्लेषाबाईंनी डावीकडून तिसऱ्या माणसाला सांगितलं, "दोन्ही बाजूंचे हात एकदम दाबा. ज्याचा हात दाबला जाईल त्यानं पुढच्याचा दाबायचा. टोकाच्यानं ओरडायचं."

डावं टोक लगेच ओरडलं. उजवीकडचे सरपंच बऱ्याच वेळानं ओरडले, तेही शेजारच्या गोदाकाकूंनी हात पिळला म्हणून.

"बघा! डावीकडे आधी पोचलं, उजवीकडे उशिरा. म्हणजे मूळ डाव्या टोकाच्या जवळ आहे. किती उशीर झाला हे मोजलं की नेमकं कितवा माणूस ते सांगता येतं. श्रुती हेच करते. आणि गळती सापडली की टाकीचा व्हॉल्व्ह स्वतःच बंद करते, पाणी वाया जाऊ नये म्हणून. एकदा गळत्या बुजल्या की तुमच्या आहे त्या पाण्यात पाइपा चोवीस तास भरलेल्या राहतील. कधीही नळ उघडा, पाणी!"

"कधीही?" गोदाकाकूंनी विचारलं.

"कधीही."

"मग आम्ही उठायचं कशानं?"

सगळे हसले. हैबती हसला नाही. त्याचं लक्ष पंचायतीच्या भिंतीकडे होतं. तिथं शिपाई एक जाडजूड खिळा ठोकत होता. सरपंच त्याच्याकडे वळले आणि तोंड मोठ्ठं उघडून म्हणाले, "तात्या! तुमची चावी! आता इथं टांगायची! मान म्हणून!"

घरी आल्यावर हैबतीनं चावी नेहमीसारखी दाराआड उभी केली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसला.

"भिंतीवर काय टांगतात, ठाऊक आहे का गं?" त्यानं विचारलं. "गेलेल्या माणसाचा फोटो."

तान्हाबाई त्याच्या उजव्या कानाशी येऊन गरजली, "अहो, पण पाणी तर येईल ना सगळ्यांना! आक्कांकडं पण!"

आक्का म्हणजे हैबतीची थोरली बहीण चांगुणा. खालच्या आळीच्या पार शेवटच्या घरात एकटी राहायची. तीन वर्षं तिच्या नळाला करंगळीएवढी धार येत होती. भेटेल तिथं ती भावाला सुनवायची. "भावाच्या खांद्यावर चावी अन् बहिणीच्या दारात कोरडा हंडा! काय म्हणावं या नशिबाला?" यापुढेही ती पुष्कळ काही बोलायची, हात हलवून, घरामागं बोट दाखवून. पण हैबतीला त्यातलं चावी आणि हंडा एवढंच उमगे. तो मान हलवून म्हणे, "व्हय आक्का, अर्धा आटा वाढवतो." असं करत साडेचार आट्यांवरून खालची आळी सहा आट्यांवर आली होती, आणि तरी आक्काचा हंडा अर्धाच. उतार कमी असावा, असं तो स्वतःला समजावे. एवढं तोडून बोलूनही आक्का दर शनिवारी त्याच्याकडे अळूवड्या पाठवायची. भांडण वेगळं, वड्या वेगळ्या.

ठरल्या दिवशी सहा वाजता अश्लेषाबाईंनी बटण दाबलं. टाकीचा व्हॉल्व्ह आपोआप फिरला. पाणी निघालं, हवा पळाली, आणि गावभर शिट्ट्या सुरू झाल्या. बायका पदर खोचून पुढं सरसावल्या.

तेवढ्यात देवळावरच्या भोंग्यातून एक गोड, शांत आवाज आला. "नमस्कार. मी श्रुती. आपल्या गावात तीनशे अकरा ठिकाणी गळती आढळली आहे. आपल्या सोयीसाठी पाणी बंद करण्यात येत आहे. धन्यवाद."

शिट्ट्या थांबल्या. एकाही हंड्यात थेंब पडला नाही.

"तीनशे अकरा?" अश्लेषाबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "ही पाइप आहे का चाळण?"

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच. श्रुती अतिशय नम्रपणे पाणी बंद करायची आणि धन्यवाद म्हणायची. त्या धन्यवादावर गोदाकाकू इतक्या चिडल्या की त्यांनी भोंग्याच्या दिशेनं पायताण भिरकावलं. अश्लेषाबाईंनी श्रुतीच्या सांगण्यावरून मधल्या आळीत चार खड्डे खणले. चारीही खड्ड्यांत माती कोरडी ठाक.

"बाई, अजून चार खणा," एकानं सुचवलं. "झाडं लावायच्या कामी येतील."

हैबतीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टाकीखालच्या व्हॉल्व्हवर चावी टेकवून त्यानं मूठ दातात धरली होती, आणि श्रुतीला जे ऐकू आलं तेच त्याच्या जबड्यात घुमलं होतं. उघड्या नळांतून पळणारी हवा! श्रुती शिकून आली होती शहरात. तिथल्या पाइपा सदा भरलेल्या. पाइपातून काही फुसफुसलं म्हणजे फुटलीच, एवढंच तिला ठाऊक. सगळा गाव नळ उघडे टाकून शिट्टीची वाट बघतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? मासा पाण्याची बातमी देतो का?

हैबती गप्प राहिला. खोटं कशाला बोला, त्याला थोडं बरंही वाटलं. तीन दिवसांत गावानं टँकर मागवला आणि माणसं त्याच्या ओट्यावर येऊन बसू लागली. "तात्या, तुमची चावीच बरी. तात्या, श्रुतीबाईला गाडीत घालून धाडू परत." शुक्रवारी ग्रामसभा ठरली. भिंतीवरचा खिळा रिकामाच होता.

गुरुवारी दुपारी अश्लेषाबाई स्वतः त्याच्या घरी आल्या. चेहरा उतरलेला. तान्हाबाईनं चहा ठेवला. बाईंनी एक कागद पुढं केला आणि तोंड मोठं उघडून म्हणाल्या, "काका, श्रुतीनं सांगितलेल्या गळत्या. आळीवार. तुम्ही एकदा नजर टाकता का? मला काही सुधरत नाही."

हैबतीनं चष्मा लावला. वरची आळी ब्याण्णव. मधली आळी एकशे आठ. शाळेची आळी एकाहत्तर. तो मनातल्या मनात हसला. घर न् घर त्याच्या पायाखालचं. हे तर नळांचे आकडे! नळाला नळ जुळत होता. यंत्र कानाचं तिखट होतं, यात शंका नाही.

मग शेवटची ओळ. खालची आळी, चाळीस.

हैबतीचं हसू तिथंच थांबलं. खालच्या आळीत नळ एकोणचाळीस. गावात एकूण तीनशे दहा. श्रुती म्हणत होती तीनशे अकरा.

"हा एक कुठला?" त्यानं विचारलं.

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. आळीच्या टोकाला, शेवटच्या घराच्या मागं.

त्याच दिवशी हा कागद सरपंचांच्याही हाती पडला. त्यांचाही हिशेब त्या जास्तीच्या एकावरच अडला, पण त्यांचं डोकं निराळ्या दिशेनं चाललं.

शुक्रवारच्या ग्रामसभेत सरपंच उभे राहिले. "मंडळी, यंत्र बाद आहे हे तर दिसतंच आहे. पण एक गोष्ट त्यानं बरोबर पकडली. खालच्या आळीत एक नळ जास्तीचा आहे! चोरून घेतलेला! आणि तो आहे," त्यांनी बोट केलं, "चांगुणाआक्कांच्या घरामागं."

आक्का ताडकन उठली. "माझ्याकडं? अरे इंद्रजिता, तुझ्या बारशाला घुगऱ्या मी वाटल्या, अन् मला चोर म्हणतोस? माझ्या पुढच्या नळाला पाणी नाही, मागं आणखी एक घेऊन काय त्याची पूजा करू?"

"मग तुमच्या परसात अळू कसं माजतं?" सरपंच वकिलासारखे पुढं झुकले. "उन्हाळ्यात गाव करपतं आणि तुमच्या अळूची पानं सुपाएवढी! त्याला पाणी कोण घालतं?"

प्रश्न बिनतोड होता. अळू पाण्यावाचून जगत नाही, हे कुणालाही माहीत होतं.

"मला काय ठाऊक?" आक्का म्हणाली, पण आवाज जरा खाली आला. "आपोआप येतं. तिथं नागाचं ठाणं आहे. त्याची कृपा."

हैबती तान्हाबाईच्या शेजारी बसला होता. ती सगळं त्याच्या कानात ओतत होती. ‘अळू’ हा शब्द तेवढा नेमका पोचला. अळू. शनिवारच्या वड्या. तीन वर्षं दर शनिवारी तो त्या वड्या चवीनं खात होता, पण त्यांना पाणी कुठलं, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. बहिणीच्या हंड्यातलं पाणी परसात गळत होतं आणि भाऊ ते तळून खात होता!

त्यानं आणखीही केलं होतं. अर्धा आटा, आणखी अर्धा आटा. पाण्याचा दाब वाढला की धार जोरात येते, तशी गळतीही जोरात गळते. भोक बुजवायचं सोडून त्यानं तीन वर्षं भोकाला खुराक दिला होता.

आता बोललं तर चावी खिळ्यावर. न बोललं तर आक्का चोर, आणि श्रुती उद्याच्या गाडीनं परत.

हैबती उठला. चावीवर हात टेकून उभा राहिला.

"आक्कानं काही चोरलेलं नाही," तो म्हणाला. "तिच्या घरामागं पाइप फुटलीय. बाकीचे तीनशे दहा म्हणजे आपले उघडे नळ. यंत्राला हवेची शिट्टी गळती वाटते. यंत्र बाद नाही, मंडळी. बाद मी आहे. ही फूट मला तीन वर्षांपूर्वीच कळायला हवी होती. नाही कळली." त्यानं चावी तान्हाबाईच्या हाती दिली. "मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. मी लपवलं."

मग गोदाकाकूंनी शेजारणीला विचारलं, "हे लपवलं म्हणजे? कुणापासून?"

मागून कुणी तरी खुदकन हसलं, आणि मग हसू पसरत पसरत पुढच्या रांगेपर्यंत आलं. सरपंचसुद्धा हसले.

"तात्या!" ते तोंड मोठ्ठं उघडून म्हणाले. "चार वर्षं! आम्ही तुमच्याशी! बोलतोय का ओरडतोय? घसे बसले गावाचे!"

हैबतीनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. म्हणजे ते शिक्षण नव्हतं तर.

"अन् मग आक्का," तो बहिणीकडे वळला, "घरामागं काही वाजतंय हे तू तरी सांगायचंस!"

"सांगायचंस?" आक्का त्याच्या नाकासमोर येऊन उभी राहिली. "तीन वर्षं सांगत्येय! हैबती, एक दिवसाआड सकाळी सहाला माझ्या परसात नाग फुसफुसतो, येऊन बघ! तू काय म्हणायचास? ‘व्हय आक्का, अर्धा आटा वाढवतो!’ मला वाटलं, नागासाठी काही उपाय असेल!"

"एक दिवसाआड?" अश्लेषाबाईंनी विचारलं. "बरोबर सहाला?"

"बरोबर सहाला. नेमाचा आहे अगदी. लाह्या ठेवते मी त्याला."

त्यावर सगळी सभा इतकी हसली की पंचायतीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आक्कालाही शेवटी हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी अळूच्या गादीखाली खणलं. दोन हातांवर पाइप लागली. जोडाशी करंगळी जाईल एवढी चीर आणि तिच्याभोवती चिखल. अळूच्या मुळ्यांनी तिथं असा घट्ट वेढा घातला होता की पाइप त्यांचीच असावी. जोड बदलला. आक्कानं चार लाह्या खड्ड्यात टाकल्याच. "नाग नसला म्हणून काय झालं? तीन वर्षांची सोबत होती."

आता राहिले तीनशे दहा. पाइपा एकदा तुडुंब भरायच्या तर सगळ्यांनी नळ एकाच वेळी बंद ठेवायला हवेत. हवा बाहेर जायला उंचवट्यांवर बाईंनी वेगळ्या नाकपुड्या बसवल्याच होत्या. प्रश्न नाकपुड्यांचा नव्हता.

"मी करीन की बंद," गोदाकाकू म्हणाल्या. "आधी शेजारच्या पमीनं करावा."

"आधी त्यांनी करावा," पमी म्हणाली.

अश्लेषाबाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. हैबती पुढं झाला. सव्वीस वर्षं त्यानं या गावाला पाणी पाजलं होतं. पाइपांइतकीच त्याला माणसांची नसही ठाऊक होती.

"आपापला नळ बंद करा, असं कुणाला सांगूच नका," तो म्हणाला. "उद्या सहाला प्रत्येकीनं शेजारणीच्या नळापाशी जाऊन बसायचं. तिचा नळ बंद आहे का, तेवढं बघायचं."

यावर एकाही बाईनं हरकत घेतली नाही. उलट काही जणी साडेपाचलाच जाऊन बसल्या.

सहा वाजले. पाणी निघालं. गावात शिट्टी नाही, की कुणाचं बोलणं नाही. टाकीखाली हैबती चावी दातात धरून उभा. अश्लेषाबाईंनी त्याला एक काम लावून दिलं होतं. यंत्रालाही लेकरासारखं बोट धरून शिकवावं लागतं. हा आवाज हवेचा, हा पाण्याचा, असं जाणत्यानं शंभर वेळा दाखवलं की त्यालाही फरक कळू लागतो. दाताला हवा लागली की हैबतीनं डावा हात वर करायचा, पाणी लागलं की उजवा. बाई ते श्रुतीला भरवत होत्या.

हैबतीचा उजवा हात वर गेला. मग मध्येच डावा.

भोंगा बोलला. "नमस्कार. एका ठिकाणाहून हवा सुटत आहे. ठिकाण, सरपंच श्री. इंद्रजित घुले यांचे निवासस्थान. धन्यवाद."

सरपंचांचा बंगला कोपऱ्यावर. त्यांना शेजारीण नव्हती.

या वेळी त्या धन्यवादावर गोदाकाकू चिडल्या नाहीत. उलट भोंग्याला हात जोडून म्हणाल्या, "बाई, तुझं चांगलं होवो!"

सरपंच धावत जाऊन नळ बंद करून आले. पाऊण तासानं पाइपा भरल्या. भिंतीवरच्या खिळ्याचं काय करायचं, हा प्रश्न मग कुणी काढला नाही. बाईंनीच सांगितलं की शेजारची चार गावं श्रुतीच्या वाटेवर आहेत, आणि तिथल्या शिट्ट्या तिला समजावून द्यायला काका आणि काकांचे दात लागतील. खिळ्यावर शिपायानं कॅलेंडर लावून टाकलं.

हैबती चावी खांद्यावर घेऊन थेट खालच्या आळीला गेला. आक्का नळापाशी उभी होती, नळ उघडायला जणू भीत असल्यासारखी.

"उघड की," तो म्हणाला.

तिनं उघडला. शिट्टी नाही, फुसफुस नाही. एकदम मनगटाएवढी धार हंड्यात कोसळली. आक्का बघतच राहिली. मग पदरानं डोळे पुसत त्याच्यावर ओरडली, "बघत काय उभा राहिलास? शिंतोडे उडतायत सगळे! अन् हे बघ, आता माझं अळू वाळणार, वड्या बंद!"

हे सगळं त्याला तिच्या तोंडावरून समजलं. तो हसला. सवयीनं त्यानं चावीचं टोक हंड्याच्या काठाला टेकवलं आणि मूठ दातात धरली. पितळेत पाणी चढताना घुमत होतं, आधी खोल, मग हळूहळू बारीक.

आक्का हंड्यावर वाकली. भाऊ बहिरा आहे याची तिला पक्की खात्री होती, म्हणून ती भरत्या पाण्याशीच पुटपुटली. हंड्यानं ते पुटपुटणं उचललं, पितळेनं लोखंडाला दिलं, लोखंडानं लाकडाला, लाकडानं दाताला.

"देवा, माझ्या भावाचे कान घेतलेस ते घेतलेस. दात तेवढे ठेव रे बाबा. मोठ्या मनाचा आहे तो."

हैबतीनं डोळे मिटून घेतले.

"काय रे?" आक्कानं तोंड वर करून, मोठ्ठं उघडून विचारलं. "काय ऐकू आलं?"

त्यानं मूठ दातातून काढली.

"कुठं काय," तो म्हणाला. "पाणी आहे नुसतं."